योम किप्पुर युद्धातील लढाऊ विमाने आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रे

ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायल आणि इजिप्त-सीरिया यांच्यात झालेल्या योम किप्पुर युद्धात इस्रायली हवाई दलाचा सामना भूपृष्ठावरून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या घनदाट जाळ्याशी झाला. सोव्हिएत संघाने पुरविलेल्या या क्षेपणास्त्रांच्या आश्रयाने इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडला आणि सीरियाच्या सैन्याने गोलान टेकड्यांवर चढाई केली. युद्धाच्या पहिल्या काही दिवसांत इस्रायलची अनेक विमाने पडली आणि जमिनीवरील सैन्याला हवाई दलाकडून अपेक्षित असलेली मदत मिळू शकली नाही. युद्धाच्या उत्तरार्धात मात्र हे जाळे भेदले गेले व त्यात इस्रायली भूदलाचा मोठा वाटा होता. लढाऊ विमान आणि विमानविरोधी क्षेपणास्त्र यांच्यातील स्पर्धेच्या इतिहासात हे युद्ध महत्त्वाचा टप्पा मानले जाते.

पार्श्वभूमी

भूपृष्ठावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने विमान पाडल्याची पहिली घटना ऑक्टोबर १९५९ मध्ये चीनमध्ये घडली. बीजिंगजवळ तैवानचे एक टेहळणी विमान सोव्हिएत बनावटीच्या एस-७५ क्षेपणास्त्राने पाडण्यात आले. १ मे, १९६० रोजी याच प्रकारच्या क्षेपणास्त्राने सोव्हिएत हद्दीत फ्रान्सिस गॅरी पॉवर्स या वैमानिकाचे अमेरिकी यू-२ विमान पाडले. अतिशय उंचावरून उडणारे विमान सुरक्षित असते, हा समज त्या घटनेने संपुष्टात आला.

व्हिएतनाम युद्धात या क्षेपणास्त्रांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. २४ जुलै, १९६५ रोजी उत्तर व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे एक एफ-४ फँटम विमान एस-७५ क्षेपणास्त्राने पाडले. त्यानंतर अमेरिकेने रडार शोधून त्यांच्यावर हल्ला करणारी खास विमाने, रडारलहरींचा माग काढत जाणारी श्राइक क्षेपणास्त्रे आणि रडारची दिशाभूल करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरात आणली.

पश्चिम आशियात मात्र १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धामुळे वेगळेच चित्र निर्माण झाले होते. ५ जून, १९६७ रोजी सकाळी इस्रायली विमानांनी अचानक हल्ला करून इजिप्तचे बहुतांश हवाई दल जमिनीवरच नष्ट केले. या यशानंतर इस्रायलच्या संरक्षण नियोजनात हवाई दलाला मध्यवर्ती स्थान मिळाले. शत्रूने हल्ला केल्यास राखीव सैन्य एकत्र येईपर्यंत हवाई दल त्याला रोखून धरील, असे गृहीत धरले गेले. इस्रायलचे खडे सैन्य लहान आणि राखीव सैन्य मोठे असल्याने हे गृहीतक निर्णायक स्वरूपाचे होते.

खच्चीकरणाचे युद्ध

१९६९-७० मध्ये सुएझ कालव्याच्या परिसरात दीर्घकाळ चकमकी चालल्या. या संघर्षाला 'खच्चीकरणाचे युद्ध' असे म्हणतात. जानेवारी १९७० पासून इस्रायलच्या फँटम विमानांनी इजिप्तच्या अंतर्भागात खोलवर बॉम्बफेक सुरू केली. इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासेर यांनी मॉस्कोला जाऊन मदत मागितली. त्यानुसार सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रांबरोबरच ती चालविणारे सैनिक आणि लढाऊ वैमानिकही इजिप्तमध्ये पाठविले.

यानंतर क्षेपणास्त्रांची ठाणी टप्प्याटप्प्याने कालव्याकडे सरकविण्यात आली. ती एकमेकांना संरक्षण देतील अशा रीतीने उभारली जात. १९७० च्या उन्हाळ्यात या ठाण्यांवर हल्ले करताना इस्रायलची अनेक फँटम विमाने पडली. १८ जुलै रोजी फँटम स्क्वाड्रनचे प्रमुख श्मुएल हेट्झ अशाच एका हल्ल्यात मारले गेले. ऑगस्ट १९७० मध्ये युद्धबंदी झाली. युद्धबंदीच्या अटींनुसार कालव्याच्या पट्ट्यात नवी लष्करी ठाणी उभारण्यास मनाई होती, तरीही इजिप्तने लगेचच क्षेपणास्त्रे कालव्याच्या जवळ आणली. तीन वर्षांनंतर कालवा ओलांडणाऱ्या सैन्याला याच क्षेपणास्त्रांचे संरक्षण मिळाले.

इजिप्तची योजना

१९६७ च्या पराभवानंतर इजिप्तने १९६८ मध्ये हवाई संरक्षण दल ही भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या बरोबरीची स्वतंत्र शाखा स्थापन केली. १९७३ मध्ये मोहम्मद अली फहमी हे तिचे प्रमुख होते. क्षेपणास्त्रे, विमानविरोधी तोफा, रडार आणि संदेशवहन यांचे नियंत्रण या दलाकडे होते.

इजिप्तचे सैन्यप्रमुख साद अल-शाझली यांचे मूल्यमापन असे होते की, इजिप्तचे हवाई दल इस्रायलच्या हवाई दलाशी समोरासमोर लढण्यास समर्थ नाही. त्यामुळे त्यांनी मर्यादित उद्दिष्टाची योजना पुढे आणली. कालवा ओलांडून पूर्व किनाऱ्यावर सुमारे १० ते १२ किमी खोलीचा पट्टा ताब्यात घ्यावा आणि तेथेच थांबावे, असा या योजनेचा गाभा होता. पश्चिम किनाऱ्यावरील क्षेपणास्त्रांचे प्रभावी छत्र साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचत असल्याने भूदलाच्या आगेकुचीची मर्यादा क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावरून ठरली.

क्षेपणास्त्रांचे जाळे

या जाळ्याचे सामर्थ्य एखाद्या विशिष्ट शस्त्रापेक्षा निरनिराळ्या शस्त्रांच्या एकत्रित मांडणीत होते. त्यातील प्रमुख शस्त्रे पुढीलप्रमाणे होती.

एस-७५ (नाटो संज्ञा एसए-२): उंचावरील लक्ष्यांसाठी बनविलेले, सुमारे साडेदहा मीटर लांबीचे अवजड क्षेपणास्त्र. जमिनीवरील रडार लक्ष्य आणि क्षेपणास्त्र या दोन्हींचा माग ठेवते आणि रेडिओ आदेशांद्वारे क्षेपणास्त्राला दिशा देते. वैमानिकाला ते वेळीच दिसल्यास तीव्र वळण घेऊन चुकविता येत असे. जमिनीलगत उडणाऱ्या विमानांविरुद्ध त्याचा उपयोग कमी होता.

एस-१२५ (एसए-३): कमी आणि मध्यम उंचीवरील विमानांसाठी बनविलेले घन इंधनाचे क्षेपणास्त्र. एस-७५ ची उणीव भरून काढण्यासाठी ते विकसित करण्यात आले.

कुब, निर्यात आवृत्ती क्वाद्रात (एसए-६): साखळीपट्ट्यांच्या वाहनावर बसविलेली फिरती प्रणाली. प्रत्येक वाहनावर तीन क्षेपणास्त्रे असत आणि पल्ला सुमारे २४ किमी होता. रडारने लक्ष्यावर टाकलेल्या लहरींचे परावर्तन टिपत क्षेपणास्त्र लक्ष्याकडे जाते. त्यात रॅमजेट इंजिनाचा वापर केलेला असल्याने मार्गाच्या उत्तरार्धातही त्याचा वेग टिकून राहतो.

स्ट्रेला-२ (एसए-७): एका सैनिकाने खांद्यावरून डागण्याचे छोटे क्षेपणास्त्र. ते इंजिनाच्या उष्णतेचा वेध घेत असल्याने प्रामुख्याने मागून पाठलाग करते.

झेडएसयू-२३-४ शिल्का: रडारच्या साहाय्याने नेम धरणाऱ्या २३ मिलिमीटरच्या चार तोफा असलेले चिलखती वाहन.

या मांडणीमुळे वैमानिकापुढे पेच निर्माण होत असे. उंचावरून गेल्यास एस-७५ चा धोका होता. तो टाळण्यासाठी खाली आल्यास एस-१२५ आणि कुब यांच्या कक्षेत प्रवेश होई. जमिनीलगत उड्डाण केल्यास शिल्का आणि स्ट्रेला यांचा मारा सहन करावा लागे. एकाचा मारा चुकविण्यासाठी केलेली हालचाल विमानाला दुसऱ्याच्या टप्प्यात आणून सोडत असे.

यांपैकी कुब हे इस्रायलच्या दृष्टीने सर्वांत अनपेक्षित अस्त्र ठरले. एस-७५ आणि एस-१२५ यांच्या रडारची माहिती अमेरिकेला व्हिएतनाममधून आणि इस्रायलला कालव्यावरील चकमकींतून मिळालेली होती. त्यांची चाहूल देणारी आणि त्यांना गोंधळात टाकणारी उपकरणे विमानांवर बसविलेली होती. कुबचे मार्गदर्शन मात्र अखंड लहरींवर चालत असे आणि त्या टिपण्याची सोय इस्रायली विमानांवरील इशारा यंत्रणेत नव्हती. अशा वेळी क्षेपणास्त्र प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसणे हाच वैमानिकाला मिळणारा पहिला इशारा असे. शिवाय ही वाहने थोड्या वेळात जागा बदलू शकत असल्याने छायाचित्रांवरून निश्चित केलेली ठिकाणे लवकर कालबाह्य होत.

युद्धाचा घटनाक्रम

६ ऑक्टोबर

६ ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला होणार याची खात्री इस्रायलला पटली. सैन्यप्रमुख डेव्हिड एलाझार यांनी हवाई दलाने आधीच हल्ला करावा असा आग्रह धरला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांचा त्याला विरोध होता. युद्ध प्रथम सुरू केल्याचा ठपका आल्यास अमेरिकेची मदत मिळणार नाही, या विचाराने पंतप्रधान गोल्डा मायर यांनी परवानगी नाकारली. दुपारी दोनच्या सुमारास इजिप्त आणि सीरिया यांनी एकाच वेळी हल्ला केला. त्याच दिवशी दुपारपासून कालव्यावरील सैन्य रोखण्यासाठी गेलेल्या इस्रायली विमानांना क्षेपणास्त्रांच्या माऱ्याला तोंड द्यावे लागले.

तागार आणि दुगमान ५

क्षेपणास्त्रांचे जाळे नष्ट करण्यासाठी इस्रायली हवाई दलाने युद्धापूर्वीच दोन तपशीलवार योजना आखल्या होत्या. इजिप्तच्या आघाडीसाठी 'तागार' आणि सीरियाच्या आघाडीसाठी 'दुगमान ५' अशी त्यांची नावे होती. या योजना यशस्वी होण्यासाठी ताजी टेहळणी, दिशाभूल, रडार निष्प्रभ करणे आणि लागोपाठ हल्ल्यांच्या लाटा यांचा नेमका क्रम आवश्यक होता.

७ ऑक्टोबरच्या सकाळी तागारच्या पहिल्या टप्प्याला सुरुवात झाली. त्याच वेळी गोलानच्या दक्षिण भागातील इस्रायली बचावफळी कोसळू लागली होती आणि सीरियाचे रणगाडे उत्तर इस्रायलच्या वस्तीपासून फार दूर नव्हते. दायान यांच्या आग्रहानंतर हवाई दलाला उत्तरेकडे वळविण्यात आले. हवाई दलप्रमुख बेनी पेलेद यांनी तागार अर्धवट सोडून दुगमान ५ सुरू करण्याचा आदेश दिला.

बदलासाठी हाताशी असलेला वेळ अतिशय अपुरा होता. क्षेपणास्त्रांच्या ठाण्यांची ताजी छायाचित्रे घेतली गेली नव्हती आणि रडारमध्ये व्यत्यय आणणारी साधने दक्षिणेच्या आघाडीवर होती. सीरियाच्या अनेक फिरत्या कुब तुकड्यांनी तोपर्यंत जागा बदलली होती. परिणामी अनेक विमानांना नकाशावर दाखविलेल्या ठिकाणी लक्ष्य सापडले नाही आणि वाटेतील तोफा व क्षेपणास्त्रांचा मारा मात्र सोसावा लागला. या मोहिमेत सहा फँटम विमाने गमवावी लागली आणि नष्ट झालेले क्षेपणास्त्र ठाणे केवळ एक होते. सीरियाचे जाळे अबाधित राहिले आणि इजिप्तविरुद्धची योजनाही अपुरी राहिली.

जमिनीवरील सैन्याला मदत

त्यानंतरच्या दिवसांत जाळे शाबूत असतानाच हवाई दलाला दोन्ही आघाड्यांवर जमिनीवरील सैन्याच्या मदतीसाठी जावे लागले. ए-४ स्कायहॉक विमानांवर या कामाचा सर्वाधिक भार पडला आणि हानीही त्यांचीच सर्वाधिक झाली. विमाने अतिशय कमी उंचीवरून लक्ष्याजवळ येत, क्षणभर वर चढून बॉम्ब पुढे फेकत आणि लगेच वळून परतत. यामुळे बचावाची शक्यता वाढत असे, परंतु नेम बिघडत असे. कालव्यावरील पुलांवर वारंवार हल्ले झाले, तथापि इजिप्तचे अभियंते सुट्या भागांचे हे पूल रात्रीतून दुरुस्त करीत.

गोलानवरील स्थिती तुलनेने लवकर बदलली. इस्रायलच्या राखीव चिलखती तुकड्या आघाडीवर पोहोचल्या आणि सीरियाची आगेकूच थांबली. युद्धाच्या पहिल्या काही दिवसांत सीरियाने मोठ्या प्रमाणात क्षेपणास्त्रे डागल्याने त्यांचा साठाही घटत गेला. ९ ऑक्टोबर रोजी इस्रायली फँटम विमानांनी दमास्कसमधील लष्करी मुख्यालयावर बॉम्बफेक केली.

१४ ऑक्टोबरची चढाई

सीरियावरील दडपण कमी करण्यासाठी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी सिनाईत आणखी आत चढाई करण्याचा आदेश दिला. क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर जाणे घातक ठरेल, असे सांगून शाझली यांनी त्याला विरोध केला होता. १४ ऑक्टोबर रोजी इजिप्तच्या चिलखती तुकड्या पूर्वेकडे निघाल्या. इस्रायली रणगाडे, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे आणि विमाने यांच्या माऱ्यात त्यांचे दोनशेहून अधिक रणगाडे नष्ट झाले. मूळ योजनेने आखून दिलेली मर्यादा ओलांडल्याचा हा थेट परिणाम होता.

कालव्याच्या पश्चिमेकडे

१५-१६ ऑक्टोबरच्या रात्री एरियल शेरॉन यांच्या विभागातील इस्रायली सैन्याने देवेरस्वारजवळ कालवा ओलांडला. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या रणगाड्यांच्या लहान तुकड्यांनी जवळपासच्या क्षेपणास्त्र ठाण्यांवर जमिनीवरून हल्ले केले. पुढील दिवसांत लांब पल्ल्याच्या १७५ मिलिमीटर तोफांचाही या कामी वापर झाला. आकाशातील लक्ष्यासाठी तयार केलेल्या या ठाण्यांकडे रणगाड्यांविरुद्ध फारसा बचाव नव्हता. काही ठाणी नष्ट झाली आणि काही इजिप्तने मागे घेतली.

यामुळे जाळ्यात खिंडार पडले आणि त्यातून इस्रायली विमाने पश्चिम किनाऱ्यावरील सैन्याला मदत करू लागली. युद्धापूर्वी हवाई दलाने भूदलासाठी वाट मोकळी करावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात भूदलाने हवाई दलासाठी वाट मोकळी केली. २२ ऑक्टोबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ३३८ संमत केला, परंतु लढाई त्यानंतरही काही दिवस चालू राहिली. ती थांबली तेव्हा इजिप्तची तिसरी सेना वेढली गेली होती.

हानी

या युद्धात इस्रायलने सुमारे १०० विमाने गमावली. त्यांत स्कायहॉक विमानांची संख्या ५० च्या आसपास आणि फँटम विमानांची ३० च्या आसपास होती. बहुतेक विमाने क्षेपणास्त्रे आणि विमानविरोधी तोफा यांमुळे पडली. हवाई द्वंद्वात पडलेल्यांची संख्या अल्प होती. इजिप्त आणि सीरिया यांनी इस्रायलच्या कित्येक पट विमाने गमावली आणि त्यांपैकी बहुसंख्य हवाई लढतींत पडली. अरब बाजूची काही विमाने स्वपक्षाच्याच क्षेपणास्त्रांना बळी पडली. आपले आणि परके विमान ओळखण्याची यंत्रणा हा या जाळ्याचा दुबळा भाग होता.

स्ट्रेला-२ चा स्फोटक भाग सुमारे सव्वा किलोग्रॅमचाच असल्याने त्याने नुकसान झालेली अनेक विमाने तळावर परतू शकली. स्कायहॉकच्या इंजिनाची निकास नळी मागे वाढविल्यास क्षेपणास्त्र विमानाच्या मुख्य भागापासून दूर फुटते, हे लक्षात आल्यावर इस्रायलने या विमानांत तसा बदल केला.

मूल्यमापन

विमानाचे युग संपत आले आहे, असा निष्कर्ष युद्धानंतर अनेकांनी काढला. क्षेपणास्त्राने विमानाचा पंख वाकवला, अशा आशयाचे उद्गार इस्रायली हवाई दलाचे माजी प्रमुख एझर वाइझमन यांच्या नावे प्रसिद्ध आहेत.

आकडेवारी पाहता चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. १९७३ मध्ये इस्रायली विमानांनी सुमारे ११,००० उड्डाणे केली. त्या प्रमाणात हानी शंभर उड्डाणांमागे सुमारे एक विमान इतकी होती. १९६७ मध्ये उड्डाणे बरीच कमी होती आणि दर उड्डाणामागील हानीचे प्रमाण याहून काहीसे अधिक होते. परंतु १९६७ मध्ये त्या किमतीत पहिल्याच दिवशी निर्णायक विजय मिळाला होता. १९७३ मध्ये हवाई दल अत्यंत गरजेच्या पहिल्या दिवसांत आपले मुख्य काम पार पाडू शकले नाही. राखीव सैन्य येईपर्यंतची वेळ पायदळ आणि रणगाडा तुकड्यांना मोठी मनुष्यहानी सोसून काढावी लागली. म्हणूनच क्षेपणास्त्रांचे यश केवळ पाडलेल्या विमानांच्या संख्येवरून मोजता येत नाही. विमानाला दूर ठेवणे, खाली येण्यास भाग पाडणे किंवा त्याचा नेम चुकविणे हाही त्या यशाचा भाग होता.

दुगमान ५ च्या अपयशाचे विश्लेषण करताना क्षेपणास्त्रांच्या गुणवत्तेइतकेच निर्णयप्रक्रियेला महत्त्व दिले जाते. ऐनवेळी बदललेले प्राधान्य, जुनी माहिती आणि अपुरी तयारी ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. दुसरीकडे, गोलानवरील परिस्थिती पाहता आघाडी बदलण्याचा निर्णय अपरिहार्य होता, असेही मत मांडले जाते.

परिणाम

इस्रायलने या अनुभवानंतर मानवरहित विमाने, इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्र, रडारवेधी क्षेपणास्त्रे आणि तत्काळ टेहळणी यांवर भर दिला. ९ जून, १९८२ रोजी लेबनॉनच्या बेका खोऱ्यात त्याचा प्रत्यय आला. प्रथम पाठविलेल्या मानवरहित विमानांना खरी विमाने समजून सीरियाने आपली रडार चालू केली. त्यामुळे ठाण्यांची जागा उघड झाली आणि इस्रायलने तेथील १९ पैकी बहुतांश क्षेपणास्त्र ठाणी काही तासांत नष्ट केली. त्यानंतरच्या हवाई लढतींत सीरियाची ऐंशीच्या आसपास विमाने पडली.

अमेरिकेत रडारला सहज न दिसणाऱ्या विमानांच्या संशोधनाला १९७३ च्या अनुभवाने चालना मिळाली. त्यातून तयार झालेल्या एफ-११७ विमानांनी १९९१ च्या आखाती युद्धात बगदादवर हल्ले केले. तथापि २७ मार्च, १९९९ रोजी युगोस्लाव्हियाच्या हवाई संरक्षण दलाने असेच एक विमान एस-१२५ क्षेपणास्त्राने पाडले. सिनाईच्या आघाडीवर वापरल्या गेलेल्या क्षेपणास्त्रांच्याच कुळातील हे अस्त्र होते.

भारताशी संबंध

भारतानेही सोव्हिएत संघाकडून एस-१२५ (पेचोरा) आणि क्वाद्रात या प्रणाली घेतल्या. पेचोरा भारतीय हवाई दलाकडे आणि क्वाद्रात भूदलाकडे होती. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने विकसित केलेल्या आकाश क्षेपणास्त्रात क्वाद्रातप्रमाणेच रॅमजेट प्रकारच्या इंजिनाचा वापर केलेला आहे.

१९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय हवाई दलाला खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांचा सामना करावा लागला. २७ मे रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ विमान आणि २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर अशा क्षेपणास्त्रांनी पाडले. त्यानंतर हल्ले या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरील उंचीवरून करण्यात येऊ लागले आणि अचूक माऱ्यासाठी मिराज २००० विमानांवरून लेझर-मार्गदर्शित बॉम्ब वापरले गेले.

हे सुद्धा पहा

योम किप्पुर युद्ध
सहा दिवसांचे युद्ध
सुएझ कालवा
आकाश क्षेपणास्त्र
कारगिल युद्ध